डाव्या डोळ्याचं वर्ष

रोज साडेदहाला तो घरी यायचा आणि उंबरठ्यावर थांबायचा. आधी आकडा सांगायचा, मग चपला काढायचा.

"साडेतीन."

"बरं," ती शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणायची.

नोकरी लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, "हे साडेतीन, हे सहा, मला कशाला सांगता? मी काय त्याचं लोणचं घालू?" तो हसला होता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उंबरठ्यावर उभा राहून म्हणाला होता, "पावणेचार." मग तिला सवय झाली. पुढे तर अशी सवय झाली, की त्याला यायला उशीर झाला तर तिची शिवण वाकडी जायची.

त्याचं काम असं होतं : जेटीच्या अगदी टोकाला एक खोली, खोलीत एक टेबल, एक कपाट आणि नोंदवह्या. रोज सकाळी दहाच्या ठोक्याला जेटीच्या सावलीच्या बाजूने एक पांढरी थाळी पाण्यात सोडायची. थाळी म्हणजे ताटाएवढी लोखंडी चकती, पांढरा रंग दिलेली, मधोमध दोरी बांधलेली. दोरी हळूहळू सोडत जायची. थाळी दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण बघायची. मग वर ओढायची, पुन्हा दिसली की पुन्हा खूण बघायची. दोन्हींच्या मधला आकडा वहीत लिहायचा. त्याबरोबर पाण्याचं तापमान, आणि मीठ मोजण्यासाठी एक बाटलीभर पाणी. बाटल्या महिन्यातून एकदा शहरातल्या कचेरीत जायच्या.

जेटीवरचे लोक त्याला कंपाउंडर म्हणायचे. "समुद्राला थर्मामीटर लावतो," ते सांगायचे, "ताप किती ते लिहून घेतो. औषध द्यायचा अधिकार नाही बिचाऱ्याला." कुणी म्हणायचं, "रोज थाळी पुढे करून मागतोस, आजवर काही पडलं का तीत?" तोही कमी नव्हता. म्हणायचा, "तुमच्या जाळ्यात पडलं की समजा माझ्या थाळीत पडलं."

अठ्ठावन्नाव्या वर्षी तो निवृत्त झाला, पण त्या जागेवर दुसरा माणूस आलाच नाही. कचेरीने त्यालाच 'तूर्त' ठेवून घेतलं. ते तूर्त पाच वर्षं चाललं होतं.

आकड्यांचा अर्थ त्याने तिला कधीच्या काळी चहाच्या कपावर समजावून सांगितला होता. साखर घातली आणि ढवळली नाही तर ती कुठे असते? तळाशी. वरचा चहा फिका. समुद्राचंही तसंच. वर जगलं-मेलं ते सगळं कुजून खाली जाऊन बसतं, आणि तेच समुद्राचं खत. वाऱ्याचे चार महिने असतात. तेव्हा वारा किनाऱ्याला समांतर वाहतो, वरचं पाणी बाहेर ढकलतो, आणि त्याची जागा घ्यायला तळाचं गार पाणी वर येतं. खत घेऊन येतं. त्यावर ऊन पडलं की डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती मातून जातात, पाणी हिरवं गढूळ होतं. थाळी दोन-अडीच मीटरवर बुडते. मग वारा पडतो. वरचं पाणी तापतं आणि झाकणासारखं बसून राहतं, खालचं खत खालीच. थाळी सातआठ मीटरपर्यंत लख्ख दिसते.

"म्हणजे वारा हा चमचा," ती म्हणाली होती.

"वारा हा चमचा. आणि लक्षात ठेव, स्वच्छ पाणी म्हणजे उपाशी पाणी. फिरायला आलेले लोक म्हणतात, वा, काय निळं पाणी! त्यांना सांगावंसं वाटतं, अहो, ते रिकामं भांडं आहे."

सगळी वर्षं सारखी नसायची. एखाद्या वर्षी वारा आळशी निघायचा, एखाद्या वर्षी महिनाभर आधीच यायचा. पीकपाण्याबद्दल बोलावं तसं तो समुद्राबद्दल बोलायचा. त्या दोघांची मुलगी आणि जावई याच पाण्यावर जगत होते. खाडीच्या तोंडाशी तराफे नांगरून ठेवलेले, तराफ्यांखाली दोऱ्या लोंबत्या सोडलेल्या, दोऱ्यांना शिंपले लगडलेले. शिंपल्यांना कुणी खायला घालत नाही. ते पाणी गाळून खातात. पाणी हिरवं असलं तर फुगतात, निळं असलं तर थांबून राहतात. शिंपल्यांची बारीक पिल्लं दोरीला धरून राहावीत म्हणून वरून जाळीची लांबट पिशवी चढवावी लागते. त्या पिशव्या ती शिवायची. मुलीच्या आणि आणखी अकरा घरांच्या.

सहा वर्षांपूर्वी शहरातल्या कचेरीतून तिघं आले होते. थर्मामीटर सांगत होता, की पाणी वर्षागणिक तापतंय. झाकण जाड होत असणार, खत वर येणं कमी झालं असणार, असा त्यांचा हिशेब. पण थाळी वेगळंच सांगत होती. थाळी वाऱ्याच्या महिन्यांत अडीचवर बुडत होती आणि निवांत महिन्यांतही पाच-साडेपाचवर. म्हणजे पाणी पूर्वीपेक्षा हिरवं. वरून फिरणाऱ्या उपग्रहांना किनाऱ्यालगतचं पाणी नीट दिसत नाही. कंपाउंडरची थाळी हाच काय तो पुरावा. ते खूश झाले. ही खाडी चिवट आहे, म्हणाले. त्यांच्या अहवालावरून चाळीस तराफ्यांचे नव्वद तराफे करायला परवानगी मिळाली, आणि कंपाउंडरला भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं. मुलीने दोनाचे सहा तराफे केले.

त्यानंतर शिंपले बारीक पडायला लागले.

आधी सगळ्यांनी पिल्लांना दोष दिला. मग खेकड्यांना. मग नवीन दोरीच्या वासाला. जावई म्हणाला, गर्दी झालीय. दर वेळी कुणीतरी जेटीच्या टोकाशी जाऊन विचारायचं, "कंपाउंडर, पाणी कसं आहे हो?" आणि तो वही उघडून दाखवायचा, "पाणी उत्तम. काल अडीच."

ती हे सगळं घरातून बघत होती. आणि आणखी काहीतरी बघत होती, जे दुसरं कुणी बघत नव्हतं.

तिची जवळची नजर चाळिशीतच गेली होती, म्हणून रोज कामाला जाण्यापूर्वी मशीनच्या सुईत दोरा तो ओवून द्यायचा. एके दिवशी त्याला तीनदा प्रयत्न करावा लागला. पुढच्या आठवड्यात तो म्हणाला, "हल्ली दोरे फार पिंजारतात." ती बाजारात गेली आणि दोरा ओवायचं तारेचं छोटं यंत्र घेऊन आली. "आता तुम्हाला रोजचा त्रास नको," म्हणाली. नंतर चहा ओतताना तो कपाच्या काठाशी बोट धरायला लागला. मग तिने मिठाची बरणी साखरेच्या शेजारून उचलून वरच्या फळीवर ठेवली. पायरीच्या कडेला पांढरा पट्टा मारून घेतला, आणि विचारल्यावर सांगितलं, की मला दिसत नाही म्हणून.

एकदा तो दोरी घरी घेऊन आला. थाळीच्या दोरीवर दर मीटरला लाल आणि दर अर्ध्या मीटरला हिरवा धागा गुंडाळलेला असायचा. ते धागे तिनेच गुंडाळलेले होते. "रंग उडालेत," तो म्हणाला. तिने दोरी उजेडात धरली. रंग कालच्यासारखे होते. लाल लाल होता, हिरवा हिरवा.

"उडालेत खरे," ती म्हणाली. आणि धाग्यांच्या जागी गाठी मारून दिल्या. मीटरला दोन, अर्ध्याला एक. बोटांना कळाव्यात अशा.

माणूस हळूहळू आंधळा होत असला तर त्याला कळत नाही. रोजचं आज कालच्याइतकंच असतं. पण तिला कळत होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चला, असं ती दोनदा म्हणाली. तो म्हणाला, "मला थाळी दिसते की." आणि ती गप्प बसली. तिला वाटलं, उद्या डोळे गेले असं ठरलं, तर कचेरी 'तूर्त' संपवेल. थाळी गेली तर या माणसाच्या दिवसात उरणार काय? तिने डोळ्यांचा विचार केला, नोकरीचा केला. त्या डोळ्यांनी जे मोजलं जातंय त्याचा विचार तिच्या डोक्यात आलाच नाही. मशीनवर रोज त्याच पाण्यासाठी पिशव्या शिवत असून आला नाही.

शेवटी मुलीने त्याला डॉक्टरांकडे नेलं, तेही तो तराफ्याच्या दोन फळ्यांमधल्या फटीत पाय घालून कमरेएवढ्या पाण्यात लटकला म्हणून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरीणबाई रागावल्या. "इतके दिवस काय करत होतात? उजवा आत्ता करू. डावा दीड महिन्याने."

उजवा डोळा झाला. पट्टी निघाली त्या दिवशी त्याने घरभर फिरून वस्तूंची विचारपूस केली. "हा पडदा असा पिवळा होता? आणि तुझे केस एवढे पिकले कधी?" ती म्हणाली, "तुम्हाला दिसेनात म्हणून मीही मनावर घेतलं नव्हतं." दोघं हसले. घरात हसू आलं ते तेवढंच.

तीन आठवड्यांनी त्याला कामावर जायची परवानगी मिळाली, पण वजन उचलायचं नव्हतं. म्हणून थाळी घेऊन ती बरोबर गेली. वाऱ्याचा दुसरा महिना होता. जेटीवर उभं राहिलं की पदर सांभाळावा लागत होता. त्याने नेहमीच्या जागी गुडघे टेकले आणि थाळी सोडली. बोटांखालून गाठी जायला लागल्या. एक मीटर. दोन. अडीच.

"आता बुडेल," तो म्हणाला.

तीन. साडेतीन. चार.

"वारा बरोबर आहे ना?" त्याने विचारलं. तिने उडणारा पदर पुन्हा खोचला.

पाच. सहा. थाळी खाली लहान होत चालली होती, पण दिसत होती, कुणीतरी तोंड वर करून बघत असल्यासारखी. सव्वासातवर ती बुडाली. तो तसाच बसला. मग त्याने उजव्या डोळ्यावर तळहात धरला आणि थाळी वर ओढायला लागला. ओढत राहिला. डाव्या डोळ्याला ती दिसली तेव्हा दोरीची अडीचची गाठ त्याच्या बोटांत होती.

त्याने तळहात काढला. पुन्हा धरला. पुन्हा काढला.

"अगं, पाणी निळं आहे," तो म्हणाला. "वाऱ्याच्या महिन्यात पाणी निळं आहे."

त्या दिवशी तो उंबरठ्यावर थांबला नाही. चपलांसकट आत येऊन खुर्चीत बसला.

त्याच दुपारी त्याने कचेरीला पत्र लिहिलं. चार दिवसांनी तिथल्या संशोधक मुलीचा फोन आला. ती त्याला सर म्हणायची आणि तो दर वेळी अवघडायचा. "सर, तुम्ही कळवलंत हे फार चांगलं केलंत," ती म्हणाली. "पण आता प्रश्न असा आहे, की कुठल्या तारखेपासूनचे आकडे धरायचे नाहीत?"

त्याला सांगता येईना.

"मग सुरक्षित म्हणून दहा वर्षांचे काढावे लागतील. किंवा पंधरा."

"पंधरा वर्षं रोज गेलोय मी," तो म्हणाला. "तापात गेलोय."

"मला माहीत आहे, सर."

त्याच संध्याकाळी मुलगी आणि जावई आले. मुलीने बापाचं बोलणं उभ्यानेच ऐकलं. मग ती म्हणाली, "बाबा, सहा वर्षं आम्ही तुमच्या डोळ्यांनी समुद्र बघितला."

"अगं, हळू," आई म्हणाली.

"हळूच बोलतेय. सहाचे दोन तराफे झालेत, आता आणखी हळू काय बोलू?" ती बापाकडे वळली. "मला एवढंच सांगा. पाणी एखाद-दोन वर्षं रुसलंय, की कधीचंच गेलंय? रुसलं असेल तर मी थांबते. दोन तराफे धरून ठेवते, कसंही करून. गेलं असेल तर आम्ही आत्ताच निघतो, मुलं लहान आहेत तोवर. काय करू?"

याचं उत्तर जगात एकाच ठिकाणी असायला हवं होतं, जेटीच्या टोकाच्या कपाटात, त्याच्या अक्षरात. आणि ते तिथे नव्हतं.

"एक वर्ष दे मला," तो म्हणाला.

डावा डोळा तो करून घेणार नव्हता. वर्षभर, सगळ्या हंगामांत, हिरव्या पाण्यात आणि निळ्या, ढगात आणि उन्हात, रोज दोन आकडे घेणार होता : उजव्या डोळ्याचा खरा आणि डाव्याचा खोटा. डावा किती चोरतो ते कळलं, की जुन्या वह्यांतून चोरी परत काढता येईल. संशोधक मुलीला त्याने फोनवर हे सांगितलं. "यातून काहीतरी निघू शकेल," ती म्हणाली, "पण सर, कृपा करून डोळा आधी करून घ्या." त्याने पहिला अर्धा भाग ऐकला.

मग उंबरठ्यावर दोन आकडे यायला लागले.

"उजवा सात. डावा पावणेतीन."

"बरं."

"उजवा सव्वासहा. डावा अडीच."

ती बरं म्हणायची, पण आता मान वर करून म्हणायची. डावा डोळा दुधाच्या पेल्यासारखा होत चालला होता. वारा पडला, निवांत महिने लागले. पाणी काचेसारखं झालं. उजवा नऊ सांगू लागला. एकतीस वर्षांत नऊ कधी लिहिलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा निरोप पाठवला. तिसऱ्यांदा तीच त्याला घेऊन गेली.

"आजोबा, हा मोतीबिंदू पिकून फुगतोय," बाई म्हणाल्या. "आत दाब वाढला तर डोळा जाईल. एका दिवसात जाईल. मी घाबरवत नाहीये."

"अजून चार महिने."

"चार महिन्यांनी काय होणार आहे?"

"वारा येणार आहे," तो म्हणाला.

बाईंनी तिच्याकडे बघितलं. तिने खाली बघितलं.

घरी आल्यावर ती बोलली. आयुष्यात ती त्याच्यावर फारशी ओरडली नव्हती, त्यामुळे ओरडणं तिला नीट जमेना. "हा हट्ट कुणासाठी? पोरगी जाईल नाहीतर राहील. तुमचा डोळा गेला की गेला. काय ठेवलंय त्या वह्यांत? रद्दीवाला तरी घेईल का?"

"तू नको काळजी करू."

"मी काळजी करायची तेव्हा केली नाही, त्याचंच हे फळ आहे," ती म्हणाली, आणि मग थांबता येईना. "दोरीचे रंग उडाले नव्हते. लाल लाल होता. हिरवा हिरवा होता. मी मुद्दाम गाठी मारल्या. मला माहीत होतं, तुम्हाला दिसत नाही. मी तेव्हाच हात धरून नेलं असतं तर..."

तो तिच्याकडे बघत राहिला. आता रागावेल, असं तिला वाटलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

"गाठी कधी मारल्यास?" त्याने विचारलं.

"काय?"

"महिना कुठला? वर्ष कुठलं? आठव. हातभरावरून मला लाल-हिरवं कळत नव्हतं तो दिवस. त्यावरून तेव्हाची चोरी काढता येईल."

ती बघतच राहिली. तो उठून वही आणि पेन्सिल घेऊन आला होता. "कंपाउंडरच शेवटी," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं, आणि रडता रडता ती आठवायला लागली.

जुनी कॅलेंडरं तिने टाकली नव्हती. मागच्या कोऱ्या बाजूवर ती पिशव्यांची मापं आखायची. पुढच्या बाजूला गॅस कधी आला, जाळीचं बंडल कधी आलं, नातू कधी झाला, सगळं बारीक अक्षरात होतं. पुढचे कितीतरी दिवस दुपारची जेवणं झाली की दोघं कॅलेंडरं पसरून बसायची. दोरा ओवायचं यंत्र आणलं ते नातवाच्या बारशाच्या आदल्या दिवशी. म्हणजे सात वर्षं आणि दोन महिने. मीठ वरच्या फळीवर गेलं ते गॅसची शेगडी बदलली तेव्हा. कपाच्या काठाशी बोट त्याच्या पुढच्या थंडीत. पांढरा पट्टा. उलटा घातलेला सदरा. बसचा नंबर तिला विचारायला लागला तो दिवस.

"आणि पेपर वाचायचं सोडलंत ते?"

"मी सोडलं कुठे? त्यात वाचण्यासारखं काही राहिलं नव्हतं."

"तसं तुम्ही म्हणायचात. लिहा, लिहा ते."

सात वर्षं तिने जे जे झाकलं होतं ते एकेक करून वहीत उतरत होतं. शेजारी तारीख. कधी एखादी गोष्ट सांगताना तिची जीभ अडायची, कारण ती सांगितली की तेव्हाच बोलायला हवं होतं हेही कळायचं. तो मान वर न करता म्हणायचा, "हं. पुढे." संशोधक मुलीला ती यादी पाठवली तेव्हा तिने दोनदा फोन करून खात्री करून घेतली, की ही शिलाई मशीनची सुई कितव्या नंबरची होती.

अकराव्या महिन्यात वारा आला. उशिरा आला आणि हलका आला. त्याने नोंदी सुरू केल्या : उजवा साडेसात, डावा पावणेदोन. त्याला वाऱ्याचा पूर्ण महिना हवा होता. जुन्या वह्यांतली सगळ्यांत मोठी चोरी त्याच महिन्यातली होती. नवव्या दिवशी सकाळी तो दाढी करताना बेसिनला धरून खाली बसला. डावा डोळा रक्तासारखा लाल झाला होता, अर्धं डोकं फुटत होतं, उलट्या थांबत नव्हत्या. रिक्षात तो तिला म्हणत होता, "दहा वाजायच्या आत परत येऊ ना?"

डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी ऑपरेशन केलं. वेदना गेली, डोळा राहिला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या डोळ्यासमोर टॉर्च धरला आणि विचारलं, "दिसतो उजेड?" तो म्हणाला, "कुठे आहे?"

बावीस दिवस कमी पडले. ते कुणालाच भरून काढता येणार नव्हते. त्याच्यासारखा खोटं बोलणारा दुसरा डोळा कुठून आणायचा?

जे होतं त्यावर संशोधक मुलीने काम केलं आणि अडीच महिन्यांनी ती स्वतः आली, गुंडाळलेला कागद घेऊन. मुलगी आणि जावईही आले होते. शिलाई मशीनवर झाकण ठेवून त्यावर कागद पसरला. एकतीस वर्षांच्या रेघा होत्या. वर-खाली, वर-खाली, वाऱ्याचे महिने, निवांत महिने, श्वास घेतल्यासारख्या. आणि मग शेवटच्या आठ-नऊ वर्षांत श्वास आखूड होत गेलेला. खात्री नव्हती तिथे तिने तुटक टिंबं मारली होती.

"हे एखाद-दोन वर्षांचं नाही," संशोधक मुलगी म्हणाली. "वारा दर वर्षी येतोय, पण वरचं पाणी इतकं तापलेलं आहे, की त्याला खालचं उपसून काढता येत नाही."

"चमचा तळाला पोचत नाही," कंपाउंडर म्हणाला.

"म्हणजे परत येणार नाही," मुलगी म्हणाली.

"येणार नाही असं मी म्हणू शकत नाही, ताई. पण माझी बहीण असती तर तिला थांब म्हटलं नसतं."

मुलगी बराच वेळ कागदाकडे बघत होती. मग तिने बोट ठेवलं. "ही इथे मी सहा तराफे केले." रेघ तिथे आधीच उतरायला लागलेली होती. जावयाने खोकल्याचं निमित्त केलं आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.

महिन्याच्या आत ते निघाले, आतल्या मोठ्या गावाला, भाजीच्या शीतगृहात कामाला. जाताना मुलगी बापाशी बोलली. बसच्या वेळेबद्दल, मुलांच्या दाखल्यांबद्दल. पाण्याबद्दल बोलली नाही. बस वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा तो थोडा वेळ तसाच रस्त्याकडे बघत राहिला, थाळी बुडाल्यावर बघायचा तसा. तिला वाटलं, पुन्हा वर येईल म्हणून बघतोय.

तराफे निघाले. आता पिशव्यांची गरज कुणालाच नव्हती. ती पडदे शिवायला लागली.

थाळी मात्र चालू राहिली. एका डोळ्याने खोली नीट कळत नाही, म्हणून ती रोज त्याच्याबरोबर जेटीच्या टोकापर्यंत जायची आणि त्याच्या सदऱ्याचं मागचं टोक धरून उभी राहायची. जेटीवरचे दोघंतिघंच उरले होते. ते आता थट्टा करत नसत. ते थट्टा करत नाहीत, याचंच त्याला वाईट वाटायचं.

मुलगी गेल्यानंतर नऊ आठवड्यांनी तो गेला, दुपारी, खुर्चीत, वर्तमानपत्र मांडीवर. डॉक्टर म्हणाले, हृदय. वहीत त्या दिवसाचा आकडा होता, सुबक अक्षरात, शेजारी तापमान. पुढची ओळ त्याने तारीख घालून मोकळी ठेवली होती, नेहमीप्रमाणे.

त्या सकाळी ती थाळी घेऊन जेटीवरून आधी परत आली होती, कारण पडद्याचं माप घ्यायला कुणी येणार होतं. तो मागून सावकाश आला. साडेदहा वाजून गेले होते. उंबरठ्यावर थांबला.

"पावणेआठ."

"बरं."

त्याने चपला काढल्या, एक पाय दुसऱ्या पायाने, भिंतीला हात टेकून. मग आत येता येता मोरीकडे मान वळवून विचारलं, "थाळी गोड्या पाण्याने धुतलीस ना? मीठ राहिलं की रंग सुटतो."